खापराची साक्ष

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



तेरच्या पांढरीवर पहिला मोठा पाऊस पडून गेला की माती खाली वाहते आणि खापरं वर येतात. लहानपणी तो आमचा खजिना होता. माझं आजोळ तेरजवळच्या एका खेड्यात. उन्हाळी सुट्टीचा शेवट आणि पावसाची सुरुवात एकाच आठवड्यात यायची. त्या आठवड्यात मामाच्या पोरांबरोबर तेरणेच्या काठानं फिरायचं आणि खिसे फाटेपर्यंत खापरं गोळा करायची. कशासाठी? लगोरीसाठी. सपाट, गोलसर, हातात मावेल असं खापर सापडलं की ते कुणाचं यावरून भांडण ठरलेलं. काही तांबडी, काही काळी तुळतुळीत, काही आतून काळी आणि बाहेरून लाल. आम्ही सातवाहनांच्या काळावर चेंडू मारतो आहोत हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. सांगितलं असतं तरी खेळ थांबला नसता.

शेतीभातीशी ज्यांचा संबंध राहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावगाड्याच्या भाषेत काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्या माणसं एका जागी राहिली, चुलीची राख उकिरड्यावर पडली, भिंती ढासळल्या, त्यावर नव्या भिंती उभ्या राहिल्या, की त्या मातीचा रंगच बदलतो. तेरची पांढरी अशी दोन हजार वर्षांहून जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ या मोठ्या शहराचा उल्लेख आहे. तिथून कापड भडोच बंदराकडे जायचं. ते तगर म्हणजे आपलं तेर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी इथल्या हजारो वस्तू एकेक करून जमवल्या आणि त्यांच्याच नावानं आज तेरला शासनाचं वस्तुसंग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती बाहुली पाहायला लांबून लोक येतात. इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये सापडलेल्या तशाच हस्तिदंती मूर्तीशी तिचं नातं जोडतात.

मला मात्र त्या संग्रहालयात गेलं की मडक्यांसमोर थांबावंसं वाटतं. बाहुली एखाद्या श्रीमंताच्या घरातली असणार. मडकं सगळ्यांच्या घरातलं. आणि मडक्यासमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न पोटातून येतो : यात शिजलं काय होतं?

हा प्रश्न आता नुसता कवीचा राहिलेला नाही. गेल्या चार-पाच दशकांत शास्त्रज्ञांनी खापराला बोलतं करण्याची विद्या उभी केली आहे. आपण एरवी खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडतो. त्यांनी ते प्रयोगशाळेत नेलं आणि त्याची साक्ष काढली. आज त्या साक्षीबद्दल बोलायचं आहे. त्यात माझ्या घरातल्या एका हंडीचीही गोष्ट आहे, ती ओघानं येईल.

सुरुवात कुंभारापासून करू, कारण तेर हे गोरोबाकाकांचं गाव. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं हे त्यांनी पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा तुम्हाला माहीत आहेच. त्या कथेत कुंभाराची नेहमीची परीक्षा आहे : पक्क्या मडक्याचा आवाज खणखणीत, कच्च्याचा बद्द. पण पक्कं भाजलेलं मडकंसुद्धा आतून भरीव नसतं. कुंभार चिखल मळताना त्यात राख, लीद, भुसा असं काहीबाही घालतो, म्हणजे भट्टीत मडकं तडकत नाही. भाजताना लीद आणि भुसा जळून जातो आणि मातीत बारीक पोकळ्या उरतात. म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. आणि म्हणूनच मातीच्या हंडीत जे शिजतं त्याचा अंश भिंतीत शिरतो.

माझी अम्मी हे शास्त्र तिच्या भाषेत सांगायची. बाजारातून नवी हंडी आणली की ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, मग तिच्यात तांदळाची पेज उकळून फेकून द्यायची. मी एकदा विचारलं, “अम्मी, फेकायची तर शिजवायची कशाला?” ती म्हणाली, “नवी हंडी आधी स्वतः जेवते बेटा, मग घराला जेवू घालते.”

प्रयोगशाळेतले लोक अगदी हेच म्हणतात. पदार्थ शिजताना पाण्याबरोबर तूप, तेल, चरबी मातीच्या पोकळ्यांत जाते. पाणी वाफ होऊन निघून जातं, स्निग्धांश मातीला चिकटून बसतो. तिथे त्याला किडे-जंतूंचा उपद्रव कमी, पाण्यानं धुऊन जाण्याची भीती कमी. मडकं फुटतं, गाव उठतं, नदी वाट बदलते. पण खापराच्या पोटात तो अंश हजारो वर्षं राहू शकतो. तो काढण्यासाठी खापराचा वरचा थर खरवडून टाकतात, आतली एखाद-दोन ग्रॅम माती कुटून घेतात आणि रसायनांत तिच्यातला स्निग्धांश उतरवतात. मग यंत्रं त्यातले घटक एकेक करून वेगळे करतात, मोजतात.

आता गंमत पाहा. गाय, म्हैस, शेळी यांच्या अंगावरची चरबी आणि त्यांचं दूध, दोन्ही एकाच जनावराचं. मग खापरात मटण शिजलं की दूध तापलं हे कसं कळावं? इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातले रिचर्ड एव्हरशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याचा मार्ग दाखवला. स्टिअरिक आम्ल नावाचा एक घटक चरबीतही असतो आणि दुधातही. पण जनावराचं शरीर तो चरबीसाठी एका वाटेनं मिळवतं आणि दुधासाठी दुसऱ्या. त्यामुळे त्यातल्या हलक्या आणि जड कार्बनचं प्रमाण किंचित वेगळं पडतं. त्या किंचित फरकावरून यंत्र सांगतं, ही दुधाची हंडी आणि ही कालवणाची.

या युक्तीनं कितीतरी कोडी सुटली. पोलंडमध्ये सात हजार वर्षांपूर्वीची भोकं असलेली खापरं सापडत होती. ती कशाची, यावर पुराणवस्तुशास्त्रज्ञांचा बरीच वर्षं वाद होता. २०१३ मध्ये त्यांच्यात दुधाचा स्निग्धांश निघाला. ती चीज गाळायची चाळणी होती. आपल्याकडच्या एखाद्या आजीला दाखवली असती तर दही टांगायच्या फडक्याशी तिनं नातं लगेच जुळवलं असतं, हा भाग वेगळा.

आता माझ्या हंडीकडे येतो.

अम्मीची एक दुधाची हंडी होती. बुडाला काळी, काठाला तेलकट, आतून तपकिरी. चुलीच्या वैलावर ती दिवसभर मंद निखाऱ्यावर असायची. दुधाला लालसर रंग आणि जाड साय यायची, आणि शेवटी तळाला जी खरवड लागायची ती पोरांमध्ये वाटण्याचं काम फार जोखमीचं होतं. गॅस आला, स्टीलची पातेली आली, तरी ईदच्या शीरखुर्म्याचं दूध त्याच हंडीत तापायचं. २००९ च्या हिवाळ्यात अम्मी गेली. आदल्या संध्याकाळी तिनं त्या हंडीत दूध तापवलं होतं. पुढच्या गडबडीत ती हंडी कोपऱ्यात तशीच राहिली. चाळीसाव्याला पाहुणे येणार म्हणून मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं तेव्हा ती हाती लागली. तळाला करपलेली खरवड वाळून चिकटली होती. मी ती राखेनं आणि नारळाच्या काथ्यानं घासली. अगदी स्वच्छ केली. हंडी उन्हात पालथी घातली आणि मग माझ्या लक्षात आलं की तिच्या हातचं शेवटचं जे काही या घरात उरलं होतं, ते मी आत्ताच मोरीत सोडून दिलं.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच त्यात. भांडं घासणं हा काही गुन्हा नाही.

मग २०२० साली एका प्रयोगाची बातमी वाचनात आली. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला होता. सात जणांनी सात मातीची मडकी घेतली आणि वर्षभर, आठवड्यातून एकदा, त्यांत ठरावीक पदार्थ शिजवला. मका, गहू, हरणाचं मांस असे साधे जिन्नस. अशी पन्नासेक जेवणं झाली. शेवटी काहींनी पदार्थ बदलला. मग सगळी मडकी तपासली. प्रश्न एकच : मडक्याला काय आठवतं? शेवटचं जेवण, की सगळी?

उत्तर असं आलं की मडक्याला दोन्ही आठवतात, पण वेगवेगळ्या जागी. तळाला करपून चिकटलेली जी खरवड असते तिच्यात शेवटचं जेवण. आतल्या अंगावर जो पातळ कीटाचा थर बसतो त्यात अलीकडची जेवणं, थोडी मागची मिसळलेली. आणि मातीच्या पोटात शिरलेल्या स्निग्धांशात फार मागपर्यंतची, कितीतरी जेवणांची एकत्र साठवण. नवा पदार्थ शिजवला म्हणून आतला जुना साठा झटकन पुसला जात नाही.

ते वाचून मी उठलो आणि माळ्यावरची हंडी खाली काढली. राखेनं घासून मी शेवटची संध्याकाळ घालवली होती. चाळीस वर्षं माझ्या हाताच्या आवाक्याबाहेर, भिंतीत होती.

शेवटच्या जेवणाचं महत्त्व मी कमी करत नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छपन्न मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, बी.ए. होऊन नोकरी शोधणारा. आम्ही काही पोरं धाराशिवहून सास्तूरकडे गेलो. दगडामातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, सगळं माणसांवर आलेलं. ढिगारा उपसताना एका घराची चूल जशीच्या तशी निघाली. चुलीशेजारी वरणाचं भांडं झाकलेलं, वर पितळी ताटली. ताटली उचलली तर आत वरण होतं. सकाळी खायला उरवलेलं. माझ्याबरोबरचा मुलगा ते पाहून रस्त्याकडेला जाऊन बसला, पुन्हा त्या ढिगाऱ्यावर आला नाही.

पुराणवस्तुशास्त्राला अशी झाकलेली भांडी क्वचित मिळतात, आणि मिळतात ती बहुधा अशाच कारणांनी. चीनमधल्या लाजिया इथे चार हजार वर्षांपूर्वी भूकंप आणि पूर आला. तिथे एका पालथ्या वाडग्याखाली शेवया सापडल्या, त्या २००५ मध्ये जगापुढे आल्या. वाडगा पालथा झाला म्हणून शेवया उरल्या. त्या खाणारं माणूस उरलं नाही. शेवटचं जेवण शाबूत राहतं तेव्हा त्याची किंमत कुणीतरी दिलेली असते. त्यामानानं मातीच्या पोटातली साठवण ही सुखाची साठवण आहे. ती रोज जेवणाऱ्या, भांडं घासणाऱ्या, पुन्हा चुलीवर ठेवणाऱ्या घरांची आहे.

आता आपल्या देशातल्या खापरांनी काय सांगितलं ते पाहू.

हरियाणातल्या फरमाणा इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हडप्पाकालीन वस्तीचं उत्खनन केलं. तिथल्या भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवर चिकटलेले पिष्टकण अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पिष्टकण म्हणजे वनस्पतीतला स्टार्च. प्रत्येक वनस्पतीत त्याच्या दाण्याचा आकार वेगळा. २०१० मध्ये त्यांनी जाहीर केलं की तिथे हळद, आलं आणि वांगं यांचे अंश आहेत. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी आलं ठेचून, हळद घालून काहीतरी रांधलं होतं आणि त्याचा कण दातात अडकला होता.

कच्छमधल्या कोटडा भाडली इथल्या खापरांत दुधाचा स्निग्धांश मिळाला. त्या उत्खननातही डेक्कन कॉलेजचे प्रबोध शिरवळकर होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानं इसवी सनापूर्वी अडीच हजार वर्षांच्या सुमारास तिथे दूधदुभतं होतं हे दाखवलं. राजस्थानात बिंजोर इथे २०१७ मध्ये सात तपकिरी गोळे सापडले. वर काहीतरी कठीण कोसळून त्याचं छप्पर झालं म्हणून ते चिरडले नाहीत. लखनौच्या बिरबल सहानी संस्थेत ते तपासले, तेव्हा त्यात जव, गहू, हरभरा आणि तेलबिया निघाल्या. वर्तमानपत्रांनी २०२१ मध्ये त्यांना लाडूच म्हटलं.

आणि २०२० च्या शेवटी अक्षयेता सूर्यनारायण आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातल्या हडप्पाकालीन वस्त्यांमधली १७२ खापरं त्यांनी तपासली. त्यांत प्राणिज चरबीचे अंश ठळकपणे मिळाले : गाय-म्हैस, शेळी-मेंढी यांचे, डुकराचे, आणि काही दुधाचेही. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पाकालीन जेवणाचा एक कार्यक्रम ठरला होता, तेव्हा पदार्थांच्या यादीतून मांसाहारी पदार्थ ऐन वेळी काढले गेले होते. ताटावरून भांडायला आपल्याला आजचं ताट पुरत नाही, चार हजार वर्षांपूर्वीचंही लागतं.

मी त्या भांडणात शिरत नाही. पण एक सांगतो, खापराची साक्ष दोन्ही बाजूंना पूर्ण सोयीची नाही. ती जरा एकाक्ष असते. स्निग्धांश जिथे जास्त, तिथे ती मोठ्यानं बोलते. मांस आणि दूध यांचा ठसा मातीत खोल बसतो. डाळी आणि धान्यं यांच्यात स्निग्धांश मुळात थोडा, त्यामुळे त्यांचा आवाज बारीक. आपल्यासारख्या उष्ण मुलखात तर उरतं तेही कमी. म्हणजे ज्या हंडीत महिन्यातून एकदा मटण आणि एकोणतीस दिवस हुलग्याचं माडगं शिजलं, ती प्रयोगशाळेत मटणाचीच आठवण जास्त सांगेल. गरिबाचं रोजचं जेवण यंत्राला नीट ऐकू येत नाही. ते ऐकायला दुसरे साक्षीदार बोलवावे लागतात.

असे साक्षीदार आपल्या महाराष्ट्रात इनामगावला मिळाले. शिरूरजवळ घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बारा हंगाम तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० असा नऊशे वर्षांचा संसार तिथे मातीखाली होता. घरं, चुली, धान्याच्या कणग्या आणि बळदं, दळायचे दगड. आणि चुलीच्या आसपास जळून कोळसा झालेले दाणे. जळालेला दाणा कुजत नाही, आकार टिकवून राहतो. मु. द. काजळे यांनी त्या दाण्यांचा अभ्यास केला. जव हे तिथलं मुख्य पीक. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, आणि आपला हुलगा. हाडांमध्ये गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या, हरणं. म्हणजे स्निग्धांशानं मांस सांगावं, दाण्यानं भाकरी सांगावी आणि दोन्ही साक्षी जुळवून ताट मांडावं.

त्याच इनामगावात एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यावर मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवलं. घरातलं लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. शेजारी छोटी भांडी ठेवायचे. ज्या मातीत मुलाचं अन्न शिजलं, त्याच मातीच्या कुशीत मूल.

आपल्या धाराशिवच्या ताटाकडेही एकदा या नजरेनं पाहा. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. आपण म्हणतो, हे आपलं मूळचं. पण मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडांतले. पोर्तुगीजांच्या गलबतांनंतर इकडे आले. तेरच्या त्या सातवाहनकालीन बाईला ठेचा ठाऊक नव्हता. आणि ज्वारी? ज्वारी आफ्रिकेची. तिचा सर्वांत जुना लागवडीचा पुरावा कुठे सापडला माहीत आहे? खापरात. पूर्व सुदानमधल्या पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका वस्तीत कुंभारानं चिखलात ज्वारीचं भूस मिसळलं होतं. भट्टीत भूस जळालं, पण त्याचे ठसे मातीत राहिले. ते ठसे तपासून माणूस तेव्हा ज्वारी पेरू लागला होता हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. ती पुढे समुद्र ओलांडून आली आणि आपली माय झाली. १९७२ च्या दुष्काळात ती पिकली नाही तेव्हा सरकारनं परदेशातून मिलो ज्वारी आणून वाटली. ती लाल भाकरी कुणाच्या घशाखाली उतरत नसे असं अम्मी सांगायची. आफ्रिकेतली ज्वारी कधीच घरची झाली होती आणि तिचीच अमेरिकेहून आलेली बहीण परकी वाटत होती. घरचं आणि परकं हे किती वर्षं एका चुलीवर शिजलं यावर ठरतं.

आमच्या शेजारच्या काकू माळकरी होत्या. आमच्या घरातलं शिजलेलं त्या खात नसत, आणि त्यात कुणाला काही खटकत नसे. ईदच्या आदल्या दिवशी अम्मी त्यांच्याकडे शेवया, साखर, खारका, चारोळी असा कोरडा शिधा पाठवायची. काकू त्यांच्या हंडीत त्यांच्या हातानं शीरखुर्मा करायच्या. दूध मात्र दोन्ही घरांत एकच, काकूंच्या म्हशीचं. रोज सकाळी त्यांच्या गोठ्यातून लोटी यायची. दिवाळीला तिकडून फराळाचं ताट यायचं आणि ते आमच्याकडे थेट ताटात उतरायचं.

आता कल्पना करा. हजार वर्षांनी कुणीतरी आमच्या गल्लीची पांढरी उकरेल. दोन घरांची खापरं प्रयोगशाळेत जातील. कालवणाच्या हंडीत फरक दिसेल, तो असणारच आणि असावाही. पण दुधाच्या हंड्यांत फरक सापडायचा नाही. तेच दूध, त्याच कडब्यावर पोसलेल्या म्हशीचं. त्या शास्त्रज्ञाला कळेल की या दोन्ही घरांत दूध तापत होतं. कुठल्या घरात कुठली प्रार्थना होती हे खापर सांगणार नाही. घरोघरी मातीच्या चुली ही म्हण आपण कुरकुरीसाठी वापरतो. मला अलीकडे तिच्यात दिलासा ऐकू येतो.

श्रोतेहो, शेवटी एक विनंती. तेरला, किंवा आपल्या जिल्ह्यात कुठेही पांढरीत खापर दिसलं तर ते जिथे आहे तिथे राहू द्या. ते कुठल्या थरात, कशाशेजारी होतं यावरच त्याचं वय ठरतं. घरी आणलेलं खापर मुकं होतं. नांगरटीत, पाया खणताना वर आलंच, तर घासूनपुसून चकचकीत करू नका. संग्रहालयाला कळवा. धुण्याच्या चांगल्या सवयीनं किती साक्षी मोरीतून वाहून गेल्या असतील याचा हिशेब नाही. आणि पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याआधी एकदा विचार करा. गाडीभर मातीनं एका हंगामाचं पीक थोडं बरं येईल, पण त्या मातीतला संसार पुन्हा भरून येत नाही.

अम्मीची हंडी आता माझ्या टेबलावर असते. नातू विचारतो, “दादा, ही रिकामी का ठेवली?” त्याला या ईदला तिच्यात दूध तापवून दाखवायचं ठरवलं आहे. मंद आचेवर, तळाला खरवड लागेपर्यंत.